मागच्या डाव्या बाजूची स्टेपनी

सांगा बघू शेठ, विश्वास कुणावर ठेवावा? पोटातलं भडाभडा ओकून टाकणाऱ्यावर, की ‘मला काही होत नाही, मी मजेत आहे’ असं हसून सांगणाऱ्यावर? घाई नाही, सावकाश सांगा. आधी बसा. हो हो, माझ्यावरच बसा, लाजू नका. त्याच कामाला ठेवलंय मला इथे. वर पोत्याची घडी टाकली आहे, पँटला काळं लागणार नाही.

मी स्टेपनी बोलतेय. गाडीचं पाचवं चाक. घाटकोपरला जयवंतचं टायरचं दुकान आहे, त्याच्या दाराशी मी आडवी पडलेली असते आणि गिऱ्हाइकं माझ्यावर बसून कटिंग पितात. धंद्याची अक्कल मला कुणी शिकवली नाही. लोकांच्या बुडाखाली राहून जे कानावर पडलं ते शिकत गेले. परवाच एक साहेब माझ्यावर बसून फोनवर सांगत होते, ‘अरे, ऐरोलीचा पूल उतरलोच!’ आणि त्यांची गाडी इथे जॅकवर, चारही चाकं निघालेली. एकाने हौसेने ट्रकचा हॉर्न बसवून घेतला आणि आठवड्यात परत आला. म्हणाला, ‘काढ यार, बायको माहेरी निघालीय.’ माणसं हौसेने लावतात आणि हळूच काढून घेतात. पण काही गोष्टी काढून टाकल्या तरी गेलेलं परत येत नाही. ते सांगायलाच तुम्हाला बसवलंय.

माझा जन्म कारखान्यातला. काळं लोखंड, त्यावर जाड टायर. माझी चार भावंडं गाडीखाली लागली आणि मला डिकीत, सतरंजीखालच्या खळग्यात झोपवलं. गाडी छोटी एसयूव्ही. बाहेरून रुबाबदार, आतून बेताची.

ती घेतली भीमराज आणि मीराताईंनी. पंतनगरला राहणारं कुटुंब. भीमराज एका कंपनीच्या स्टोअरमधून रिटायर झालेले, मुलगा किरण अंधेरीला ऑफिसात, मुलगी माधुरी शाळेत शिकवणारी. गाडी घेण्याचं कारण एकच, मीराताईंची पाठ. हाडं ठिसूळ झालेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, दणका बसेल असं काही नको, रिक्षा तर नकोच.

शोरूममध्ये लोक मायलेज विचारतात, गाणी वाजवून बघतात. भीमराजांनी तसलं काही केलं नाही. प्रत्येक गाडीचं मागचं दार उघडायचं आणि म्हणायचं, ‘मीरा, बसून बघ.’ कुठे खाली वाकावं लागे, कुठे वर चढावं लागे. आमच्या गाडीत त्या बसल्या आणि म्हणाल्या, ‘ही बरी. हिच्यात बसावं लागत नाही, नुसतं टेकता येतं.’ झाला सौदा. मागची डावी सीट त्या दिवसापासून त्यांची झाली.

गाडी घरी आली तेव्हा पेढे वाटले, मेणबत्ती लावली. मीराताईंनी चारही चाकांवरून हात फिरवला, मग डिकी उघडायला लावली आणि माझ्याही अंगावर हात ठेवला. ‘हिला गं बाई कशाला अंधारात ठेवलंय?’

भीमराज म्हणाले, ‘ती वेळेला लागते.’

ते दिवस चांगले होते. विलेपार्ल्याला डॉक्टरकडे जायचं, येताना कुठेतरी थांबून नारळपाणी प्यायचं. डिकीतून मला मागच्या सीटवरचं सगळं ऐकू यायचं. मीराताईंना गाडीत बसलं की गुणगुणायची सवय होती. खड्डा आला तरी त्यांचा सूर तुटत नसे. माझ्या भावंडांच्या अंगावर रबराचा जाड थर होता आणि त्याच्या पोटात भरपूर हवा. ती हवाच खड्डा गिळून टाकायची.

मग माधुरीचं लग्न ठरलं.

घरात आनंदाला पार नव्हता. त्याच सुमारास किरणच्या ऑफिसातला देवव्रत नावाचा मित्र एकदा गाडीत बसला. उतरताना चाकांकडे बघून म्हणाला, ‘काय रे हे? अंगात सूट आणि पायात स्लिपर!’

‘का? काय वाईट आहे?’

‘वाईट काही नाही रे. बहिणीच्या लग्नात गाडी दारात उभी राहणार ना? मग तिचे पाय तरी दिसू दे.’

एवढंच. पण माणसाच्या मनात एवढंसंही किती खोल रुततं ते मला विचारा. किरणने मोबाइलवर व्हिडिओ बघायला सुरुवात केली आणि एका रविवारी गाडी या दुकानासमोर येऊन उभी राहिली.

जयवंतला एक सवय आहे. चाकांचं माप वाढवायला आलेल्या गिऱ्हाइकाला तो पहिलं विचारतो, ‘गाडीत बसतं कोण?’ किरणलाही विचारलं.

किरण म्हणाला, ‘मीच. कधीतरी घरचे.’

जयवंतने मान हलवली. दुसऱ्यांदा विचारलं नाही. समोर गिऱ्हाईक, हातात मोठं काम, कोण उगाच खोलात जातो?

माझी चार भावंडं उतरली. त्यांच्या जागी मोठी, चकचकीत अलॉयची चाकं चढली. दिसायला झकास, खोटं कशाला बोलू? पण चाक मोठं झालं की रबर पातळ होतं, कारण चाकावरच्या कमानीखालची जागा तर तेवढीच. माझ्या अंगावर रबर पंजाभर जाड, यांच्या अंगावर जेमतेम तीन बोटं. किरण निघताना जयवंतने बजावलं, ‘ह्याच्यात हवा सांगितली तेवढीच ठेवायची. कमी झाली तर रिम थेट रस्त्यावर आपटेल. लक्षात ठेव.’

‘हो हो,’ किरण म्हणाला. ‘आणि स्टेपनी?’

‘तिला कोण बघतं? राहू दे जुनीच.’

तशी मी राहिले. पाचातली एकटी.

दुसऱ्या दिवशी मीराताई गाडीत बसल्या. गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर आहे. गाडी त्यावरून गेली आणि मला सीटवरून एक बारीकसा आवाज आला, घास अडकावा तसा.

‘कशी वाटतेय आई? झकास ना?’ किरणने पुढून विचारलं.

‘झकास!’ मीराताई म्हणाल्या. त्याचाच शब्द त्याला परत दिला.

किरण खूश. पण त्या दिवसापासून गुणगुणणं थांबलं.

तुम्हाला वाटेल, बाईंनी सरळ सांगून टाकायचं. बरोबर आहे. पण पोरगा दर चार दिवसांनी फडक्याने चाकं पुसायचा, शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचा. लग्न तोंडावर आलेलं. त्यात आमंत्रणं. हल्ली लोक पत्रिका मोबाइलवर पाठवतात, पण मीराताई जुन्या वळणाच्या. घरी जायचं, पत्रिका हातात द्यायची, चहा घ्यायचा आणि ‘नक्की यायचं बरं का’ म्हणायचं, तरच ते आमंत्रण. मुलुंड झालं, बोरिवली झालं, भांडुपच्या दोन घरी झालं. प्रत्येक फेरीला मी मागून ऐकत होते. आधी त्या सीटवर चादर घडी करून घ्यायच्या, मग उशी आली, शेवटी एक जाड गोधडी आली आणि तिथेच राहिली.

बोरिवलीला किरण पत्ता विचारायला खाली उतरला होता. भीमराज हळूच म्हणाले, ‘सांग ना त्याला.’

‘काय सांगू? केवढ्या हौसेनं केलंय पोरानं.’

‘दुखतंय ना पण?’

‘बसल्यावर दुखतं. उतरलं की थांबतं.’

‘खोटं बोलतेस.’

‘मग बोलते. तुम्ही गप बसा. माधुरीचं लग्न उभं राहून बघायचंय मला, पुढे उभं राहून फुलं टाकायचीत. तेवढं झालं की सांगू. आला बघा तो, हसा आता.’

आणि दोघं हसली. किरणलाही वाटलं, आईबाबा मजेत आहेत.

भीमराज गप्प बसले, पण स्वस्थ बसले नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत ते दोघं माहुलला राहायचे, खाडीच्या बाजूला. किरण पोटात होता तेव्हा ते मीराताईंना सायकलच्या कॅरिअरवर बसवून दवाखान्यात न्यायचे. रस्ता दगडांचा. निघण्याआधी ते मागच्या चाकातली थोडी हवा सोडायचे, म्हणजे सायकल मऊ चालायची. हा किस्सा गाडीत कितीदा तरी हसत सांगितला जायचा. ‘तुझा बाप मला हवेवर न्यायचा,’ मीराताई किरणला म्हणायच्या.

तीच युक्ती त्या माणसाला आठवली. पेट्रोल पंपावर किरण आत गेला की ते उतरायचे आणि हवावाल्याला सांगायचे, ‘मागच्या दोन्हीत जरा कमी ठेव रे. मऊ चालू दे.’ जयवंतने काय बजावलंय ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. किरणने घरी सांगितलं नव्हतं, कारण चाकांबद्दल घरात कुणी काही विचारलंच नव्हतं. हवा उतरली की सांगणारा दिवाही आमच्या मॉडेलला नव्हता.

पहिल्यांदा तसं केलं त्या दिवशी मीराताई म्हणाल्या, ‘आज बरं वाटलं हो.’ भीमराजांना केवढा आनंद झाला! मला तो त्यांच्या श्वासात कळला. मग प्रत्येक वेळी ते तेच करू लागले. मला ओरडून सांगावंसं वाटे, अहो बाबा, सायकलचं चाक वेगळं आणि हे वेगळं, इथे गिळायला पोटच नाही. पण डिकीतल्या चाकाचं कोण ऐकतं?

शेवटचं एक आमंत्रण राहिलं होतं, ट्रॉम्बेचं. तिथे मीराताईंचे थोरले भाऊ राहायचे, अण्णा. स्वभावाने कडक. किरणच्या नोकरीचे पेढे खायला घरी जेवण ठेवलं होतं तेव्हा अण्णांना फोनवर बोलावलं होतं आणि अण्णा आले नव्हते. मीराताईंनी ते मनाला लावून घेतलेलं. ‘फोनवर सांगितलं म्हणूनच आला नाही. मामा आहे तो, मीच जाऊन हातात पत्रिका देणार.’

रविवारची दुपार होती. नवी साडी नेसून निघाल्या. गोधडीवर बसल्या, हातात पत्रिका आणि मिठाईचा पुडा. रिफायनरीच्या बाजूचा रस्ता, पुढे टँकर. टँकर बाजूला झाला आणि त्याच्या पोटाखालून खड्डा निघाला. किरणने ब्रेक दाबला. पुढचं चाक निभावलं. मागचं डावं निभावलं नाही.

तो आवाज मी विसरणार नाही. रबराचा नव्हता, धातूचा होता. रिम थेट काठावर आपटली, टायर फाटला. गाडी लंगडत कडेला थांबली. मीराताई ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, ‘किरण, जरा थांबव रे.’ गाडी तर थांबलेलीच होती.

त्यांना उतरता येईना. भीमराजांनी अँब्युलन्सला फोन लावला, तिकडून वेळ लागेल म्हणाले. एका टँकरचा क्लीनर धावत आला. त्याने आणि किरणने त्यांना आतच ठेवून, इंचाइंचाने जॅक चढवला. वाकलेलं अलॉय निघालं. मग डिकी उघडली, सतरंजी सरली आणि मला उजेड दिसला. नट पकडताना किरणच्या हातून दोनदा खाली पडला.

पहिल्यांदाच रस्ता माझ्या अंगाखाली आला. आणि कुणाच्या सीटखाली लागले मी? बरोबर त्यांच्याच.

हॉस्पिटलपर्यंत गाडी चालण्याच्या वेगाने गेली. मीराताई आडव्या, डोकं भीमराजांच्या मांडीवर. मी जेवढं गिळता येईल तेवढं गिळलं. प्रत्येक खळगा, प्रत्येक पेव्हर ब्लॉकची फट. चेंबूरच्या सिग्नलला गाडी उभी असताना मीराताई डोळे मिटूनच म्हणाल्या, ‘या बाजूला आता बरं लागतंय. पहिल्यासारखं.’

किरण मागे वळला. ‘पहिल्यासारखं म्हणजे?’

भीमराज खिडकीबाहेर बघत होते.

‘आई. किती दिवस?’

‘चालव तू. सिग्नल सुटला बघ.’

मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. तरी किरणचा पाय काही क्षण हललाच नाही.

पाठीचा मणका दबला होता. बाकीचं हॉस्पिटलच्या आवारात उभी असताना माझ्या कानावर आलं. संध्याकाळी अण्णा आले, धापा टाकत. किरण गाडीला टेकून उभा होता. अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘अरे, मागच्या वेळी मला ताप होता. तुझी आई काळजी करेल म्हणून बोललो नाही. फोन केला असतात तरी आलो असतो रे.’

एवढा कडक माणूस, चाकाशेजारी खाली बसला आणि रडला.

लग्न पुढे ढकलायचं नाही, हे मीराताईंनी बजावलं होतं. लग्नाच्या दिवशी माधुरी पांढऱ्या साडीत आधी हॉस्पिटलला जाऊन आली, मग हॉलला जायला गाडीत बसली. आईच्या जागेवर. बसल्याबसल्या तिचा हात गोधडीवर गेला.

‘दादा, ही गोधडी इथे कधीपासून आहे?’

किरण गाडी चालवत राहिला. तिने ती उचलून मांडीवर घेतली आणि हॉल येईपर्यंत तशीच धरून बसली.

हॉलसमोर गाडी फुलांनी सजलेली. तीन चाकं चकचकीत, चौथी मी, काळी. देवव्रत आला, बघून हसला. ‘काय रे, तीन पायांत बूट आणि एकात स्लिपर?’ मग त्याने किरणचं तोंड बघितलं आणि पुढचं हसू गिळलं. मला बदलायला घरच्यांनी सांगून बघितलं होतं. किरण म्हणाला होता, ‘ती राहील.’ आतून बुद्धवंदनेचे सूर आले, मग फुलं पडताना होतो तो गलका. पुढच्या रांगेत मीराताईंच्या जागी अण्णा उभे होते म्हणे.

मीराताई जिवंत आहेत, शेठ, तसं वाईट समजू नका. घरी आहेत. पण पट्टा बांधून जेमतेम चहापुरतं बसता येतं. गाडीचं नाव काढायचं नाही असं डॉक्टर म्हणाले. जिच्यासाठी गाडी घेतली तीच तिच्यात बसू शकत नाही, मग गाडी ठेवून करायचं काय? किरणने ती विकली. त्याआधी इथे आणून साधी चाकं बसवली, नवी स्टेपनी टाकली. माझी भावंडं केव्हाच कुठे कुठे गेली होती. मला उतरवल्यावर तो जयवंतला म्हणाला, ‘हिला विकू नका.’ जयवंतने मला दाराशी ठेवलं. त्या दिवसापासून जयवंत गिऱ्हाइकाला दोनदा विचारतो. ‘गाडीत बसतं कोण?’ आणि मग, ‘मागच्या सीटवर कोण?’ काही गिऱ्हाइकं वैतागून निघून जातात. जाऊ देत, म्हणतो.

भीमराज दर रविवारी बाजाराची पिशवी घेऊन येतात आणि माझ्यावर बसतात. फार बोलत नाहीत. मागच्या रविवारी मात्र चहा निवत ठेवून म्हणाले, ‘जयवंत, हवा मी कमी करायला लावायचो.’

जयवंतचा हात थांबला. ‘कसली हवा?’

‘मागच्या चाकांतली. मऊ चालावी म्हणून. दर वेळी.’

जयवंतने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, ‘काका, किरणला सांगितलंत?’

‘नाही. मीरा म्हणते नका सांगू. आधीच पोरगा खचलाय, त्यात बापाबद्दल मनात काही नको.’

‘अहो, पण तो तर सगळं स्वतःच्याच माथ्यावर घेऊन बसलाय!’

‘बसलाय खरा. आईच्या खोलीत येत नाही. उंबऱ्यात उभा राहतो आणि विचारतो, काही हवंय का? ती म्हणते, काही नको रे, मी मजेत आहे. तो जातो.’

‘मग सांगा ना, काका.’

‘सांगतो,’ भीमराज म्हणाले. ‘पुढच्या रविवारी.’ पिशवी उचलली आणि गेले. ती गोष्ट माझ्यावर तशीच ठेवून गेले, आणि ती फार जड आहे.

आता तुम्ही म्हणाल, चाकाला काय कळतं? पण शेठ, त्या घरात वाईट एकानेही केलेलं नाही. पोराने हौस केली आणि विचारलं नाही. आईने सोसलं आणि सांगितलं नाही. बापाने प्रेमाने केलं आणि लपवलं. मामाने तापाची गोष्ट पोटात ठेवली, दुकानदाराने दुसरा प्रश्न गिळला. इतक्या जणांनी मिळून घडवलेलं एकटा किरण आपल्या नावावर लिहून बसलाय, आणि बाकीचे त्याला लिहू देतायत, त्याच्यावरच्या मायेनेच.

तुमचं काम झालेलं दिसतंय. जयवंत हाक मारतोय. उठा, सावकाश. घरी जाताना मागच्या सीटवर कोण बसतं ते आठवा आणि त्याला विचारा, एकदा नाही, दोनदा. आणि काही बिघडलंच, तर घरात बसून हिशोब सरळ मांडा. ज्याच्या वाट्याचं ते त्याच्या नावावर, दुसऱ्याचं तिसऱ्यावर नको. आणि ‘मला काही होत नाही’ असं कुणी म्हणालं, तर ते लगेच जमेला धरू नका.